कर्करोग्याचे मन आणि त्याची शुश्रूषा करणारे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर आणि भोजनापूर्वी कर्करोगावर बोलावयास उभे राहणे हे औचित्यास सोडून आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि आपल्या ज्ञातीत हा विषय केवळ जिन्यात आणि कुजबुजत बोलला जातो. तो एकदा व्यासपीठावरून बोलला जावा, म्हणून कार्यकारी मंडळाने आम्हांस ही अनुमती दिली आहे.

आमच्या थोरल्या वहिनींना २०२१ साली स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आम्ही घरच्या मंडळींनी रोगाचे नाव त्यांच्यापासून लपविले. 'साधी गाठ आहे' असे सांगितले. नातलगांपासूनही लपविले, कारण घरात लग्नाची मुलगी होती. वस्तुतः हा रोग स्पर्शाने लागत नाही, आणि शंभरांतील सुमारे पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक दोषामुळे उद्भवतो. हे ठाऊक असूनही आम्ही लपविले! वहिनींना लिहिता-वाचता येत होते. रुग्णालयाच्या दारावरील पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. पुढे पाच महिने त्या आमच्यासाठी अजाणतेपणाचे सोंग करीत राहिल्या आणि आम्ही त्यांच्यासाठी आनंदाचे.

हे सोंग फुटले ते रुग्णालयातील समुपदेशक बाईंच्या खोलीत. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर तापमापकाचे चित्र होते. शून्य म्हणजे मनास काही क्लेश नाही, दहा म्हणजे क्लेशाची पराकाष्ठा. चार किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास अधिक विचारपूस करावी, असा संकेत आहे. वहिनींनी पाचावर खूण केली. दादा म्हणाले, "मला कशाला? आजारी ती आहे." बाईंनी आग्रह धरला तेव्हा त्यांनी नवावर खूण केली. सकाळी काय खाल्ले असे बाईंनी विचारले, तर ते दादांना आठवेना.

मानसोपचार म्हटला की वेडाचा उपचार, ही समजूत आपल्याकडे अद्याप गेलेली नाही. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या विदुषींनी कर्करुग्णांच्या मनाकडे पाहणारी स्वतंत्र सेवा सुरू केली, आणि त्यातून वैद्यकाची एक नवी शाखाच वाढीस लागली. ही शाखा वेडाची नव्हे, भीतीची आहे. आणि भय वाटणे हा काही वेडेपणा नव्हे.

उपचार तरी काय होते? ऐकताना ते पोरकट वाटतील. दादांना त्यांच्या चिंता कागदावर लिहून काढावयास सांगितले. एका बाजूस आज ज्याबद्दल काही करता येईल अशा, दुसऱ्या बाजूस ज्यांवर इलाज नाही अशा. दुसऱ्या बाजूच्या चिंतांसाठी सायंकाळचा अर्धा तास राखून ठेवला. रात्री त्या आल्या तर 'उद्या पाचला या' म्हणावयाचे. महिनाभराने दादा सलग चार तास झोपू लागले. वहिनींना कणकण आली की रोग उलटला असेच वाटे. या विचारास पुरावा कोणता, दुसरे कारण काय असू शकेल, हे स्वतःस विचारण्याची सवय त्यांना लावली. तपासणीच्या निकालाआधीचे दोन दिवस सर्वांत वाईट जात. त्या दिवसांसाठी श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे व्यायाम होते. कॅनडातील डॉ. हार्वी चोचिनॉव्ह यांनी रुग्णाकडून त्याचे आयुष्य वदवून घेऊन ते लिहून घरच्यांच्या हाती देण्याची रीत घालून दिली आहे. त्याच धर्तीवर वहिनींनी मुलीस पुष्कळ लिहून दिले; त्यात नवरात्राचा कुळाचार क्रमवार आहे, आणि आमच्यावर तीस वर्षे धरलेला एक रागही आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. मन प्रसन्न ठेवले की रोग बरा होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. १९८९ साली अमेरिकेतील एका अभ्यासात गटोपचार घेणाऱ्या स्त्रिया अधिक जगल्याचे दिसले होते. परंतु २००१ साली कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाची व्यथा आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. वहिनीही २०२३ च्या वैशाखात गेल्या. परंतु शेवटचे वर्ष आम्ही एकमेकांशी खरे बोललो.

आता आपल्या मंडळींबद्दल. भेटीस येणारा प्रत्येक जण वैद्य असतो! कोणी काढा सुचवितो, कोणी अशाच रोगाने गेलेल्या आत्याची हकिगत सांगतो. रुग्णापाशी तासभर बसून शुश्रूषा करणाऱ्यास बाहेर फिरावयास पाठविणारा मात्र दोन वर्षांत आम्हांस एकच भेटला.

आमची विनंती एवढीच आहे. मुंबईस उपचारासाठी येणाऱ्या ज्ञातिबांधवांच्या सोबतीस आठवड्यातून दोन दुपारी बसतील, अशा व्यक्ती हव्या आहेत. वैद्यकाचे ज्ञान नको. सल्ला तर नकोच. ज्यांना आजच बोलावेसे वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, व तेथे मराठीतही बोलता येते. नोंदवही कार्यालयात चिटणीसांच्या मेजावर ठेवली आहे. पहिले नाव आमच्या दादांचे आहे. नाव लिहिताना कोणते वार मोकळे आहेत, तेही लिहावे.