सात जणांचा ट्राय

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात मिरकरवाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय रग्बी आहे हे कळल्यावर पुष्कळांनी आमच्याकडे चमकून पाहिले. मिरकरवाड्याच्या बंदरात राहणाऱ्यांचा त्या साहेबी खेळाशी काय संबंध? आपल्याकडे पोरगे चालू लागले की कबड्डीची पाटी आखते. परंतु आम्ही पाच-सहा जण, कोणी बोटीवर, कोणी दुकानात, कोणी बँकेत, गेली काही वर्षे एका जुन्या रग्बी सामन्याचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहत आलो आहोत. पाहून झाले की वाद घालतो. तो वादच आज आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम खेळाचे थोडे. पंधरा-पंधरा जणांचे दोन संघ, अंडाकृती चेंडू. तो घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात, म्हणजे प्रयत्न. नावामागे गंमत आहे. आरंभी चेंडू असा टेकवला तरी गुण मिळत नसत, गोलवर लाथ मारून पाहण्याचा हक्क तेवढा मिळे. पुढे गुण देऊ लागले. १९७१ पासून चार आणि १९९२ पासून पाच.

आता महत्त्वाचा नियम. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. लाथेने पुढे मारता येतो, पण हाताने द्यायचा तर बाजूच्याला किंवा मागच्यालाच. विद्यार्थी मित्रांनी यावर क्षणभर थांबावे. संघाला जायचे आहे पुढे, आणि दर वेळी चेंडू द्यायचा आहे आपल्या मागे असलेल्याला. जो सर्वांत पुढे गेला आणि ज्याच्या मागे कोणी नाही, त्याला अडवून पाडले की संघाची धाव तिथेच खुंटते. आणि मागचा नुसता उभा राहिला, धावत आला नाही, तर पुढच्याने द्यायचा कोणाला?

हा नियम ध्यानात ठेवून आता २७ जानेवारी १९७३ या दिवशी वेल्समधील कार्डिफ आर्म्स पार्क मैदानावर चलावे. एका बाजूला न्यूझीलंडचा संघ, ज्याला काळ्या पोशाखावरून ऑल ब्लॅक्स म्हणतात. दुसऱ्या बाजूला बार्बेरियन्स. हा कोणत्याही देशाचा संघ नव्हे. १८९० साली स्थापन झालेल्या या क्लबला स्वतःचे मैदान नाही. ठिकठिकाणच्या खेळाडूंना निमंत्रण देऊन संघ उभा करतात. अंगात सर्वांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, पण पायमोजे ज्याच्या त्याच्या मूळ क्लबचे. ही पायमोज्यांची रीत आम्हांला फार आवडते. संघात आलात म्हणून आपले गाव पुसायचे नाही.

सामन्यापूर्वी या खेळाडूंशी बोलण्यासाठी कार्विन जेम्स यांना बोलावले होते. ते खाणकामगाराचे चिरंजीव. १९७१ साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन कसोटी मालिका जिंकली होती. फिल बेनेट नावाचा तरुण खेळाडू काहीसा दडपणाखाली होता. त्याला त्यांनी सांगितले की, आपल्या घरच्या मैदानावर जसा खेळतोस तसाच खेळ.

सामना सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नव्हती. न्यूझीलंडच्या ब्रायन विल्यम्सने चेंडू उंच आणि लांब मारला. बेनेटला तो आपल्याच गोलरेषेजवळ, पाठमोरा धावत जाऊन गोळा करावा लागला. अशा वेळी शहाणा खेळाडू चेंडू लाथेने मैदानाबाहेर घालवून मोकळा होतो. बेनेट वळला आणि अंगावर धावून येणाऱ्यांना एकापाठोपाठ हुलकावण्या देत सुटला. कबड्डीत चढाईपटू कोपरारक्षकाला झुकांडी देतो, तशा तीन-चार, त्याही श्वास घ्यायच्या आत.

त्याने चेंडू दिला जे. पी. आर. विल्यम्सला. त्याच्या मानेलाच प्रतिस्पर्ध्याने हात घातला. तशाही स्थितीत त्याने चेंडू सोडवून पुलिनला दिला. पुलिनने कप्तान जॉन डॉजला, डॉजने टॉम डेव्हिडला, डेव्हिडने एका हाताने डेरेक क्विनेलला. क्विनेलने तो अगदी खाली, जवळजवळ पायापाशी झेलला आणि डावीकडे टाकला. तो पास होता कडेच्या जॉन बेव्हनसाठी. पण मधूनच गॅरेथ एडवर्ड्स वाऱ्यासारखा आला, चेंडू घेतला आणि डाव्या कोपऱ्यात झेपावला. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सात जण, अर्ध्या मिनिटाच्या आत. बार्बेरियन्सनी सामना २३–११ असा जिंकला.

या ट्रायच्या चाहत्यांची आता तिसरी पिढी चालू असावी. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, त्यांना सातही नावे क्रमाने पाठ असतात. समालोचन करणारे क्लिफ मॉर्गन स्वतः वेल्सचे नामांकित खेळाडू. नेहमीचे समालोचक बिल मॅक्लॅरन आजारी पडल्यामुळे ते आयत्या वेळी आले होते. त्यांच्या आवाजातला चढत जाणारा आनंद ऐकून, एक शब्द न कळणारा आमच्यातला खलाशी मित्रही खुर्चीतून उठतो.

आमचा वाद असा की हा ट्राय कोणाचा? नोंदीत नाव एडवर्ड्सचे. आमच्यातील एक जण ठामपणे म्हणतो की, नोंद बरोबर आहे. चेंडू टेकवला नसता तर बाकी सहा जणांचे धावणे कोणी लक्षात ठेवले असते? त्याचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. शिवाय एडवर्ड्स काही आयता टपकला नव्हता. बचावासाठी तो उलट दिशेने धावत होता, तिथून वळून साऱ्या संघाला गाठून पुढे आला.

दुसरा म्हणतो, बेनेटचा. धोका त्याने पत्करला.

आमचे मत पुलिनला पडते. जॉन पुलिन हा इंग्लंडचा, पेशाने शेतकरी. या सातांत तो एकटाच वेल्सबाहेरचा. त्याची जागा पुढच्या फळीत, जिथे मान आणि खांदे झिजवायचे असतात. धावण्याचे कौतुक तिथल्यांच्या वाट्याला येत नाही. त्याच्या हातात चेंडू पुरता क्षणभरही नव्हता. आला आणि गेला. पण मान धरलेल्या माणसाच्या मदतीला त्या जागी कोणीतरी असायला हवे होते, आणि तो होता. आम्ही बँकेत बसतो, तिथेही एक व्हाउचर चार टेबलांवरून फिरून पास होते. खातेदाराला दिसतो तो फक्त रोखपाल.

आणखी एक आठवे नाव घ्यावेसे वाटते, पंच जॉर्ज डोमेर्क या फ्रेंच गृहस्थांचे. मानेला हात घातला तेव्हा शिट्टी वाजवून त्यांनी खेळ थांबवला असता तर ते नियमाला धरूनच झाले असते. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच संघाचा चेंडू पुढे जात आहे, हे पाहून त्यांनी खेळ चालू दिला. शेवटचा एखादा पास किंचित पुढे गेला होता का, यावर चाहते अजून भांडतात. आम्ही शंभरदा पाहिले. पुढे गेलेला आम्हांला दिसत नाही, पण आम्ही पडलो चाहते.

नववे नाव तर त्या दिवशी मैदानातच नव्हते. एडवर्ड्सही खाणकामगाराचा मुलगा. पाँटरडॉव्हीच्या शाळेत बिल सॅम्युएल नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांनी या पोराकडून कसून सराव करून घेतला आणि इंग्लंडमधील मिलफिल्ड या महागड्या शाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून पत्रे लिहिली. आज येथे ज्यांना प्रशस्तिपत्रे मिळाली, त्यांनी ती घरी नेल्यावर आपले बिल सॅम्युएल कोण, याचा विचार जरूर करावा. एखाद्याचे ते शिक्षक असतील, एखाद्याची पहाटे जेटीवर मासळीच्या लिलावाला उभी राहणारी आई असेल.

हा खेळ साहेबांचाच राहिला असेही नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो इंग्रजांच्या काळापासून आहे, पण आता तेवढाच नाही. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनी भारताच्या महिला संघाचे कर्णधारपद सांभाळले आहे. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१–१९ असे हरवले. पंधरा जणींच्या खेळातला त्यांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्या संघात ओडिशाच्या मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी मारली ती ओडिशाच्याच सुमित्रा नायक यांनी.

आपल्याकडे रापणीत दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळे, मग मोठा मासा कोणाच्या बाजूला सापडो. पर्ससीन आल्यापासून रापण क्वचित दिसते, तरी वडीलधाऱ्यांना तो हिशेब ठाऊक आहे. रग्बीच्या गुणफलकाला तो जमला नाही. चाहत्यांनी मात्र सात नावे पाठ करून जमवला, असे आम्ही मानतो. खलाशी मित्राला हे मान्य आहे, पहिल्या मित्राला अजून नाही.

चहापानानंतर मंडळाच्या टीव्हीवर हे चित्रण दोनदा दाखविण्यात येईल. पहिल्या वेळी खुशाल चेंडूकडे पाहावे. दुसऱ्या वेळी चेंडू सोडून पाहावे : पुलिन कुठून येतो, एडवर्ड्स कधी वळतो, आणि ज्याच्यासाठी शेवटचा पास होता तो बेव्हन, चेंडू हाती न येताही, कडेने कसा धावत असतो.