धनेश आणि पोकळ झाड



वसंत आला की आपण सारे घराबाहेर पडतो, व्याख्यानाला येऊन बसतो. नेमक्या याच दिवसांत सह्याद्रीच्या रानात एक आई स्वतःला झाडाच्या पोकळीत कोंडून घेऊन बसलेली असते. ही आई म्हणजे महाधनेशाची मादी. तिच्याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

महाधनेश हा आपल्याकडील धनेशांत सर्वांत मोठा. कोकणात त्याला माडगरुड असेही म्हणतात. पण गरुडाशी त्याचे नाते नाही. लांबी तीन ते चार फूट, पंख पसरले की पाच फूट. अंग काळे, मान पिवळसर पांढरी, पांढऱ्या शेपटीवर काळा पट्टा आणि भल्या मोठ्या पिवळ्या चोचीवर शिरस्त्राणासारखा फुगवटा. नराचे डोळे तांबडे, मादीचे पांढरट. चोचीचा पिवळा रंग हा पक्षी स्वतःच चढवतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल तो चोचीला आणि पिसांना चोळीत असतो. तो उडू लागला की पंखांचा आवाज दुरून ऐकू येतो.

आपल्या मुंबईशीही याचे जुने नाते आहे. 1894 साली कारवारहून एक पिल्लू बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला भेट म्हणून आले. त्याचे नाव विल्यम. सोसायटीच्या कचेरीत तो 26 वर्षे राहिला. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेली. 1920 साली तो वारला, आणि 1933 साली सोसायटीने आपल्या बोधचिन्हावर धनेशाला स्थान दिले. माणसांनी विल्यमला केळी दिली, लळाही लावला. पण ज्यावाचून धनेशाचा संसार उभा राहत नाही, ती एक वस्तू कचेरीत नव्हती. ती म्हणजे पोकळी असलेले जुने झाड.

एवढी मोठी चोच असून हा पक्षी झाड कोरू शकत नाही. सुतारपक्ष्याचे काम त्याला साधत नाही. एखादी फांदी मोडावी, तेथे आतले लाकूड कुजत जावे, आणि कित्येक वर्षांनी धनेश मावेल एवढी जागा व्हावी, तेव्हा त्याला घर मिळते. अशी पोकळी थोर बुंध्याच्या झाडातच होते. कोकणातल्या देवरायांतील बेहड्यासारखे जुने वृक्ष म्हणूनच त्याला प्यारे.

मादी आत शिरते आणि विष्ठा व अन्नाचा चोथा लिंपून तोंड बंद करते. उरते ती एक उभी फट. त्या फटीतून नर तिला घास देतो. गळ्यात साठवून आणलेली वड-उंबराच्या जातीची फळे तो एकेक करून वर काढतो आणि तिच्या चोचीत ठेवतो. सुमारे चाळीस दिवस ती अंडी उबवते. पिल्लू जरा मोठे झाले की ती भिंत फोडून बाहेर येते. मग गंमत अशी की, पिल्लू आतून पुन्हा भिंत लिंपून घेते आणि आईबाप दोघे मिळून त्याला भरवतात.

आता विचार करा. या काळात कोणी नराला मारले, तर एक पक्षी मरत नाही, अख्खे घर उपाशी पडते. धनेशाच्या तेलाने सांधे बरे होतात, या समजुतीपायी त्याची शिकार होत आली. 1972 च्या कायद्याने ती गुन्हा ठरली आहे. पण झाड पडले, तर कायदा पोकळी कोठून आणणार? तोडणारा म्हणतो, झाड आतून कुजले आहे, निरुपयोगी आहे. जे आपल्या लेखी निरुपयोगी, तेच धनेशाचे एकमेव घर!

आणि धनेश या घराचे भाडे फेडतो, बरे का! लहान पाखरांना न गिळवणारी मोठी फळे तो सबंध गिळतो आणि त्यांच्या बिया दूर रानात टाकतो. आज त्याने टाकलेल्या बीचे झाड पुढे म्हातारे होईल, तेव्हा कोण्या धनेशाला त्यात घर मिळेल. साखळीची एक कडी तुटली की दुसरी लोंबकळते.

कोणी म्हणेल, हे रानातले झाले. ठाकुर्लीला त्याचे काय? तर याच कुळातला लहान राखी धनेश ठाणे-मुंबईच्या परिसरात आजही दिसतो. त्याचीही रीत तीच. मादी कोंडून घेते, नर भरवतो, आणि घर म्हणून जुन्या झाडाची पोकळीच लागते. आपल्याकडे रेल्वेच्या जुन्या वसाहतीत मोठी झाडे आहेत. पावसाळ्यापूर्वी छाटणी होते ती नेमकी त्याची पिल्ले पोकळीत असतानाच.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. माणसाच्या अंगावर पडेल असे झाड अवश्य उतरवावे. त्याबद्दल वाद नाही. पण कुऱ्हाड चालवण्याआधी एक सकाळ त्या झाडाखाली उभे राहावे. एखादा पक्षी पुन्हा पुन्हा येऊन खोडाला चोच लावीत असेल, तर आत कोणीतरी वाट पाहते आहे, असे समजावे आणि कुऱ्हाड पावसाळ्यापर्यंत थांबवावी. तेवढे थांबणे आपल्या हाती आहे.