बर्फाच्या उतारावरची शर्यत

अल्पाइन स्कीइंगच्या शर्यतीत शेजारून धावणारा प्रतिस्पर्धी नसतो. खेळाडू एकामागून एक सुटतात. पायांत दोन लांब पट्ट्या, हातांत दोन काठ्या, पुढे बर्फात रोवलेली गेट, आणि चुरस सगळी घड्याळाशी. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. तरीही २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिल शर्यतीत स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिझिन या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी तंतोतंत एकच निघाली आणि दोघींनाही सुवर्णपदक द्यावे लागले.

या खेळाचे मुख्य प्रकार चार. स्लॅलममध्ये गेट अगदी जवळजवळ असतात आणि साठ-सत्तर वळणे मिनिटाच्या आत घ्यावी लागतात. जायंट स्लॅलममध्ये गेटांमधले अंतर वाढते, सुपर-जीमध्ये आणखी वाढते, आणि डाउनहिल म्हणजे जवळजवळ निव्वळ वेग. फरक उंचीतही आहे, आणि तो कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर उभे राहून चांगला समजतो. हा डोंगर पायथ्याच्या सपाटीपासून साधारण १००० फूट, म्हणजे ३०० मीटर वर उठलेला आहे. पुरुषांच्या जायंट स्लॅलमला आरंभापासून शेवटापर्यंत २५० ते ४५० मीटर उंची उतरावी लागते. म्हणजे या डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीला बर्फ पडत असता, तर उंचीच्या हिशेबाने ही शर्यत इथे बसली असती. पुरुषांच्या ऑलिंपिक डाउनहिलला मात्र किमान ८०० मीटर लागतात. त्यासाठी असे तीन डोंगर एकावर एक रचावे लागले असते. चैत्र यात्रेत सासनकाठी घेऊन चढणाऱ्यांच्या पायांना जोतिबाची उंची चांगली ठाऊक आहे. जायंट स्लॅलमचा खेळाडू तेवढीच उंची मिनिट-सव्वा मिनिटात उतरतो.

डाउनहिलमध्ये ताशी १३० किलोमीटरचा वेग नेहमीचाच. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन इथल्या लाउबरहॉर्न शर्यतीत २०१३ साली फ्रान्सचा योहान क्लारे ताशी १६१.९ किलोमीटर वेगाने गेला. इतक्या वेगाला लांब पट्ट्या लागतात. पुरुषांच्या डाउनहिलची पट्टी किमान २१८ सेंटिमीटरची असते, तर स्लॅलमची १६५ सेंटिमीटर चालते, कारण तिथे चटकन वळणे महत्त्वाचे. धोका लक्षात घेऊन डाउनहिलच्या खेळाडूंना आधी सरावाच्या फेऱ्या दिल्या जातात.

स्लॅलम आणि जायंट स्लॅलमला मात्र सराव नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी एखाद्या संघाचा प्रशिक्षक गेट मांडतो. मग खेळाडूंना ती मांडणी बाजूने हळूहळू घसरत नुसती पाहू दिली जाते. ही पाहणी फार बघण्यासारखी असते. खेळाडू मध्येच थांबतात, डोळे मिटतात आणि तळहात नागमोडी हलवत पुढची वळणे मनात उतरवतात. दुसऱ्या फेरीसाठी गेट नव्याने मांडतात, म्हणजे पाठांतर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून निकाल लागतो. एक गेट चुकले की खेळाडू बाद, मग तो कितीही मोठा असो. अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने पुढे २०२५ साली विश्वचषक मालिकेतला १००वा विजय मिळवला. पण २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीच जायंट स्लॅलम आणि स्लॅलम या दोन्ही शर्यतींतून पहिल्या काही सेकंदांतच बाहेर पडली होती.

याच बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू काश्मीरचा आरिफ खान होता. तो तंगमर्गजवळचा. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान, त्यामुळे लहानपणापासून पायांत पट्ट्या. १३ फेब्रुवारी २०२२ला यानचिंगच्या उतारावर जायंट स्लॅलम झाली, ती भर हिमवर्षावात. गंमत अशी की स्पर्धेचा उतार जवळजवळ संपूर्ण कृत्रिम बर्फाने तयार केला होता आणि खरा बर्फ नेमका त्या दिवशी पडला. समोरचे गेट नीट दिसेना. निम्म्याच्या आसपास खेळाडू दोन फेऱ्या पुऱ्या करू शकले नाहीत. स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट २ मिनिटे ९.३५ सेकंदांत जिंकला. रौप्यपदक विजेता त्याच्या मागे केवळ ०.१९ सेकंद. आरिफ २ मिनिटे ४७.२४ सेकंद घेऊन ४५वा आला.

विजेत्याच्या मागे जवळजवळ ३८ सेकंद हे अंतर या खेळात प्रचंड आहे, त्यात आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या दिवशी युरोपातल्या तयार संघांचे खेळाडू घसरून बाहेर जात होते, त्या दिवशी दोन्ही वेळा शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचणे हीदेखील कमाईच म्हणायची. तीन दिवसांनी झालेल्या स्लॅलममध्ये पहिल्याच फेरीत तो बाद झाला.

ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंग १९३६ साली आले. भारताचे नाव त्यात १९६४ साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे लागले, तेही जेरेमी बुयाकोव्स्की या पोलिश वंशाच्या खेळाडूमुळे. १९८८ साली कॅलगरीला शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली आणि २८वी आली. हिवाळी ऑलिंपिकमधली ती पहिली भारतीय महिला. त्यानंतरची नावे बहुतेक हिमाचल, लडाख आणि काश्मीरची. मनालीजवळच्या बुरुवा गावची आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचे कांस्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधले भारताचे ते पहिले पदक. तिचा भाऊ हिमांशू २०१४ साली सोचीत खेळला. त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने भारताच्या खेळाडूंना उद्घाटनाला तिरंगा हाती घेता आला नव्हता. स्पर्धा चालू असताना निलंबन उठले.

महाराष्ट्राला बर्फाचा उतार नाही, त्यामुळे या यादीत मराठी नाव शोधण्यात अर्थ नाही. पण बर्फाच्या खेळांपासून मराठी मुले अगदी दूर राहिली असेही नाही. पुण्याची श्रुती कोतवाल बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरली.

या खेळात बर्फाइतकाच पैसाही लागतो. ऑलिंपिकला पात्र ठरायचे तर गुण मिळवावे लागतात, गुणांसाठी देशोदेशीच्या शर्यती खेळाव्या लागतात, आणि प्रवास, प्रशिक्षक, अनेक जोड पट्ट्या हा सगळा खर्च खेळाडूच्या अंगावर येतो. आरिफचे २०१८चे ऑलिंपिक पैशांअभावीच हुकले. कोल्हापूरला ही अडचण नवी नाही. १९५२ साली ओस्लोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलम पहिल्यांदा खेळली गेली आणि त्याच वर्षी हेलसिंकीच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवल्याचे कोल्हापुरात आजही सांगतात. गावोगाव वर्गणी झाली, ती वेगळीच.

सध्या देशात स्कीइंगच्या शिक्षणाची मुख्य ठिकाणे म्हणजे काश्मीरमधले गुलमर्ग, उत्तराखंडातले औली आणि मनालीजवळचे सोलंग. गुलमर्गला २०२०पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात. अलीकडे तिथेही बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. २०२५ साली फेब्रुवारीत ठरलेल्या गुलमर्गच्या स्पर्धा बर्फ पुरेसा न पडल्याने पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये पार पडल्या.