अपडेट अडते कोठे?



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय आणि अर्थकारण यांची चर्चा ऐकण्याची आपणांस सवय आहे, तेथे घरातल्या संगणकाच्या एका दुखण्याविषयी बोलण्यास आम्ही उभे आहो, याचे काहींना नवल वाटेल. पण हे दुखणे आता घरोघरचे झाले आहे. संगणक अपडेट मागवून घेतो, आकडा शंभर टक्क्यांपर्यंत चढतो, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि पडद्यावर मजकूर येतो की, बदल पूर्ण करता आले नाहीत, सर्व पूर्ववत करीत आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांनी घरची मंडळी कंटाळून म्हणतात, "चालतंय ना? मग राहू द्या." हा निकाल चुकीचा आहे, आणि दुरुस्ती बहुधा घरच्या घरी होण्यासारखी आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. बहुसंख्य घरगुती संगणकांवर विंडोज ही प्रणाली असते, म्हणून उदाहरणे तिचीच घेतो.

प्रथम, अपडेट घ्यावेच कशाला? कौलारू घरांची शाकारणी वैशाखात करतात, त्या वेळी पाऊस पडत नसतो. फुटके कौल कोणते हे आभाळ भरण्यापूर्वी पाहावे लागते. संगणकाच्या प्रणालीतही फटी सापडत असतात. त्या बुजविण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठविते. हा शिरस्ता २००३ सालापासूनचा आहे. १४ मार्च २०१७ रोजी अशीच एक फट बुजविणारे अपडेट निघाले. सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच फटीतून जगभर शिरला. तो कागदपत्रे कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. तेथील बाधित संगणकांपैकी बहुतेकांसाठी अपडेट उपलब्ध होते, मात्र बसविलेले नव्हते. 'चालतंय ना' याचा अर्थ पुष्कळदा 'अजून पाऊस पडलेला नाही' एवढाच असतो.

आता उपायाकडे वळू. संगणक अपडेट नाकारतो तेव्हा एक आकडा देतो. सेटिंग्जमध्ये अपडेटचा इतिहास पाहिला की तो सापडतो. दिसावयास तो भयंकर असतो, पण वैद्याला नाडी तसा तो आपल्याला असतो. 'शून्य-एक्स-८००७००७०' याचा अर्थ डिस्कवर जागा उरलेली नाही. 'शून्य-एक्स-८००७०००५' म्हणजे आवश्यक ती परवानगी मिळाली नाही. तेव्हा पहिले काम हे की, आकडा आणि अपडेटचे नाव वहीत उतरवून घ्यावे. दुसरे काम, घरातले फोटो व कागदपत्रे यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. आणि तिसरा नियम असा की, एका वेळी एकच उपाय करावा व त्यानंतर अपडेट पुन्हा लावून पाहावे. पाच औषधे एकदम पोटात गेली तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि अपाय कशाने झाला हेही कळत नाही.

अडथळा तीन ठिकाणी असू शकतो: घरात, वाटेवर किंवा पाठविणाऱ्याकडे. तो कोठे आहे हे न पाहता धावाधाव केली तर 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशी गत होते.

घरापासून प्रारंभ करू. सर्वांत सोपा उपाय यंत्र 'रीस्टार्ट' करण्याचा. पुष्कळांना वाटते की रोज रात्री आपण संगणक बंद करतोच. पण अलीकडच्या विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा बहुधा झोपविला जातो, सकाळी तोच जागा होतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते. म्हणून हे दोन उपाय एक नव्हेत. त्यानंतर जागा पाहावी. मोठी आवृत्ती बसवावयाची तर सुमारे २० जीबी मोकळी जागा हाताशी असावी. उतरवून विसरलेल्या फाइली काढल्या आणि कचरापेटी रिकामी केली की पुष्कळदा काम भागते. मग पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क, जे जे जोडले असेल ते सोडवावे. जुन्या डेस्कटॉपमध्ये घड्याळही पाहावे. आतला नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की कंपनीच्या सर्व्हरचे ओळखपत्र यंत्राला खोटे वाटू लागते.

दुसरा अडथळा वाटेवरचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल, आणि ती जोडणी मोजून वापरावयाची म्हणून नोंदलेली असेल, तर विंडोज मोठी अपडेटे आपण होऊन उतरवीत नाही. कधी फाइल अर्धवट उतरते, आणि यंत्र त्याच नासक्या पुडक्याशी रोज झटत बसते. अशा वेळी अपडेटची सेवा थांबवून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचे नाव बदलावे. सेवा पुन्हा सुरू केली की यंत्र नवा फोल्डर करून फाइली नव्याने मागविते. जुन्या फोल्डरला लगेच हात लावू नये. काम झाल्यावर तो काढता येतो. एवढ्यानेही भागले नाही तर प्रणालीच्या मूळ फाइली बिघडल्या असाव्यात. त्यासाठी विंडोजमध्येच 'डिझम' आणि 'एसएफसी' ही दोन साधने आहेत. आधी डिझमने दुरुस्तीचा साठा ठीक करावा, मग एसएफसीने फाइली तपासाव्यात. दोन्हींस वेळ लागतो. आकडा हलत नाही म्हणून मध्येच वीज तोडू नये.

तिसरा अडथळा पाठविणाऱ्याकडचा, आणि याविषयीच लोकांना सर्वांत कमी माहिती असते. ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १०साठी 'केबी ५०३४४४१' हे अपडेट निघाले. असंख्य घरांत ते बसेना, आणि आकडा येई 'शून्य-एक्स-८००७०६४३'. त्याचा अर्थ 'बसविणे अयशस्वी' एवढाच, त्यात कारण नव्हते. खरे कारण असे की, आणीबाणीच्या दुरुस्तीसाठी डिस्कवर जो लहानसा भाग राखून ठेवलेला असतो, तो या अपडेटला अपुरा पडत होता. कंपनीने उपाय सांगितला तो हा की, मालकाने हाताने आज्ञा देऊन तो भाग २५० एमबीने वाढवावा. सामान्य गृहस्थाने डिस्कचे भाग कापून जोडावेत ही अपेक्षा आम्हांस वाजवी वाटत नाही. एक आज्ञा चुकली तर साऱ्या संसाराचे कागद जावयाचे. अशा प्रसंगी थांबणे हाच शहाणपणा. अपडेटच्या नावाने कंपनीचे निवेदन पाहावे, जाणत्याला विचारावे, आणि दोष आपला नाही हे ओळखून स्वस्थ असावे.

याच जातीची आणखी एक गोष्ट. विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेटे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती यंत्रांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत जाहीर झाली. विंडोज ११ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. ते नसतील तर जुने यंत्र कितीही धडधाकट असले तरी नकारच मिळतो. तेथे दुरुस्ती करण्यासारखे काही नसते. निर्णय घ्यावयाचा असतो: मुदत वाढवून घ्यावी, लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसवावी, की यंत्र बदलावे.

शेवटी धोक्याची एक सूचना. अपडेट बसेना म्हणून घाबरलेला मनुष्य इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतो, आणि पलीकडे ठक बसलेला असतो. तो गोड बोलून यंत्राचा ताबा मागतो, मग बँकेचा. ध्यानात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही छापलेला नसतो. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता त्याच क्षणी १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगून ठेवा. ठकांचे फोन त्यांनाही येतात, आणि पोरे रागावतील या भयाने ते कधी कधी लपवितात.

अपडेट अडले म्हणजे यंत्र आपल्यावर उलटले असे नव्हे. कोठेतरी जागा कमी आहे, वाट तुटली आहे, किंवा धाडणाऱ्याचा हिशेब चुकला आहे. यांपैकी काय ते वही घेऊन, क्रमाने आणि न घाबरता पाहणे कोणत्याही सुबुद्ध गृहस्थाला किंवा गृहिणीला जमण्यासारखे आहे.