दवंडी ऐकू आली तर



तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली. जप्त्या पुष्कळ पाहिल्या, त्यातली एक अजून डोळ्यांपुढे आहे. बेलिफ ओटीवर बसून यादी लिहीत होता : पितळी हंडा एक, परात एक, नांगर एक. घरधनी खांबाला टेकून गप्प. त्याची म्हातारी आई आतून एकेक भांडं आणून पुढ्यात ठेवत होती. कर्ज खरं, तेव्हा भांडीही द्यायची, एवढंच तिला ठाऊक.

मी म्हटलं, "आजी, ही आत न्या. कोर्टालासुद्धा ती नेता येत नाहीत."

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तसं सांगतं. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, पोटापुरते लागणारे बैल नि बियाणं, तो राहतो ते घर. साध्या देण्यापायी यावर जप्ती येत नाही. दिवस मावळल्यावर राहत्या घरात शिरताही येत नाही. जे गहाण टाकलंय, त्याला मात्र हे कवच नाही.

ही माणुसकी कायद्यात सहज आली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात रयतेनं सावकारांचे कागद जाळले. दावा लावायची मुदत तेव्हा तीन वर्षांची. ती संपत आली की सावकार व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. दावा लागला तरी कुळ कोर्टात फिरकत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. म्हणून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जदाराला समोर बोलवा, हिशेब मुळापासून तपासा, हप्ते बांधून द्या, आणि गहाण नसलेली जमीन जप्त करू नका, असं त्यानं न्यायाधीशांना बजावलं. सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखताऐवजी ते खरेदीखत लिहून घेऊ लागले.

आज काय? कर्जमाफी जाहीर झाली म्हणून कोर्टातली वसुलीची दरखास्त आपोआप थांबत नाही. माफी मिळाली असेल, तर तिचा कागद कोर्टापुढे ठेवावा लागतो. कोर्टाबाहेर पैसे फेडले, तर तेही तिथं नोंदवावे लागतात. नोंद नसलेली फेड वसुलीच्या कामात कोर्ट धरत नाही. लिलावात शेवटची बोली पक्की होण्याआधी सगळी रक्कम खर्चासह भरली, तर लिलाव थांबतो. जमीन विकली गेली, तरी साठ दिवसांत देणं आणि खरेदीदारासाठी बोलीच्या रकमेवर पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते.

त्या आजींचा हंडा घरात राहिला. रान मात्र गेलं. निम्मं कर्ज मुलानं सावकाराच्या हातात मोजून दिलं होतं. पावतीही होती, आईच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली. कोर्टात ती कोणी नेलीच नव्हती. माझ्या हाती आली तेव्हा नोंदीची मुदत उलटून गेली होती.

तेव्हा जप्तीची दवंडी ऐकू आली, तर दार लावून बसू नका. पेटी उघडा, कागद काढा, आणि तारखेला कोर्टात हजर राहा.