घडीचा वारसा



वारसा म्हणजे डीएनए, हे आपण सारे शाळेत शिकलो. पाव फुगविणाऱ्या यीस्टने या समजुतीला पुरवणी जोडली आहे. कडोलीच्या या व्यासपीठावरून मी तिचीच हकिकत सांगणार आहे.

१९६५ साली ब्रायन कॉक्स यांना यीस्टच्या वसाहतींत असा एक गुण आढळला, की ज्यामुळे लाल वसाहत पांढरी दिसे. तो संततीत उतरे. पण मेंडेलच्या प्रमाणात विभागला जात नसे. १९९४ साली रीड विकनर यांनी उलगडा मांडला: येथे वारसा आहे तो प्रथिनाच्या घडीचा. निराळ्या घडीचे 'सुप३५' प्रथिन आपल्या जातभाईंना तीच घडी घालते. त्यांच्या गुठळ्या कळीवाटे नव्या पेशीत जातात. जनुकातील एकही अक्षर बदलत नाही. अशा प्रथिनांना 'प्रायॉन' म्हणतात.

म्हणून डीएनए पदच्युत झाला काय? मुळीच नाही. त्या प्रथिनाच्या जनुकाविना हा वारसाही टिकत नाही.

कॉक्स यांची नोंद एकोणतीस वर्षे उत्तराविना राहिली. विद्यार्थी मित्रांनो, नियमात न बसणारी नोंद खोडू नका. ती जपणे हीच गुरुऋणाची फेड होय.