जागल्याची हाळी

जुन्या गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपलं की तो जागा राहायचा आणि चोराची चाहूल लागली की हाळी द्यायचा. इंग्रजीतल्या ‘व्हिसलब्लोअर’ला मराठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द दिला. पण पहारेकरीच घरात डोकावू लागला, तर हाळी कुणी द्यायची? मार्क क्लाइन या अमेरिकी तंत्रज्ञासमोर हाच पेच उभा राहिला.

क्लाइन एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत वीस वर्षांहून अधिक काळ नोकरीला होते. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फोल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत इंटरनेटच्या तारा सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एक नवी खोली तयार झाली होती. क्रमांक ६४१-ए. एनएसए, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने परवानगी दिलेल्या माणसालाच तिथे प्रवेश. क्लाइन यांना नव्हता. मात्र कोणती तार कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यांना रोजच्या कामामुळेच कळत होतं.

जोडणीच्या आराखड्यांत त्यांना ‘स्प्लिटर’ दिसला. काचेच्या तारेतून धावणाऱ्या प्रकाशाचे हे उपकरण दोन भाग करतं. शेतातल्या पाटाला दुसरा फाटा काढला, तर पाणी विभागलं जातं. इथे प्रकाश विभागला जातो, मजकूर मात्र दोन्हीकडे पुरेपूर पोचतो. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. एक फाटा नेहमीच्या वाटेने जात होता, दुसरा त्या बंद खोलीत. आणि या तारा एखाद्या संशयिताच्या नव्हत्या. एटी अँड टीला इतर कंपन्यांशी जोडणाऱ्या होत्या. म्हणजे ज्यांनी एटी अँड टीची सेवा कधी घेतलीच नाही, त्यांची पत्रंही त्यातून जात होती.

२००४ मध्ये क्लाइन निवृत्त झाले. कागद घरीच होते. न्यायालयाच्या परवान्याशिवाय सरकार लोकांचं संभाषण ऐकतं, अशी बातमी डिसेंबर २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच ते कागद घेऊन ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या दारात उभे राहिले. कंपनीविरुद्धच्या खटल्यात त्यांची साक्ष हा मोठा आधार ठरला. हे प्रकरण राष्ट्रीय गुपित आहे, तेव्हा दावा काढून टाका, अशी मागणी सरकारने केली. २००६ मध्ये न्यायाधीशांनी ती फेटाळली.

पुढे जे झालं, ते मला स्प्लिटरपेक्षाही चलाख वाटतं. जुलै २००८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच बदलला आणि सरकारला साह्य करणाऱ्या कंपन्यांना मागल्या तारखेपासून अभय दिलं. तसं होऊ नये म्हणून आदल्या वर्षी क्लाइन स्वतः वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटले होते. २००९ मध्ये खटला निकाली निघाला, तोही पुरावा न तपासता!

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी एनएसएचे कागद उघड केले. समुद्राखालून आणि जमिनीखालून जाणाऱ्या तारांमधून माहिती उचलण्याची व्यवस्था त्यांतही होती. सरकारविरुद्धचा दुसरा खटला मात्र गुपिताच्याच भिंतीवर आपटला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला.

मार्क क्लाइन मार्च २०२५ मध्ये वारले. त्या खोलीत जाणाऱ्या तारा कायदेशीर होत्या की नाही, याचा निवाडा त्यांच्या हयातीत कोणत्याही न्यायालयाने केला नाही.